मामांच्या छातीतला कैदी

आमचे मामा जगात कुणालाही भीत नव्हते. त्यांना धाक होता तो फक्त एकाचा, आणि तो त्यांच्याच छातीत, उजव्या बाजूला, वरच्या अंगाला मुक्कामाला होता. बर्मा आघाडीवरून परतताना तो त्यांच्याबरोबर आला आणि त्यानंतरची तीस-बत्तीस वर्षे त्याने ती जागा सोडली नाही. मामा त्याला 'कैदी' म्हणत. आपण क्षयाचे जंतू म्हणू. पण 'क्षय' हा शब्द मामांनी माझ्यासमोर एकदाच उच्चारला, तोही पत्रात. तोंडी विषय निघाला की ते दोन बोटांनी उजव्या बरगडीवर टकटक करून म्हणत, "निजलाय गडी. निजू दे."

मामा म्हणजे माझ्या यजमानांचे मामा. लष्करी इस्पितळाच्या रक्त तपासायच्या खोलीत हवालदार म्हणून उभा जन्म गेला. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर ते साताऱ्याला भाच्याकडे, म्हणजे आमच्याकडे, बाहेरच्या खोलीत राहायला आले. सामानात एक ट्रंक, एक पितळी मायक्रोस्कोप, एका साहेबाने जाताना दिलेला स्टेथास्कोप आणि जुन्या कांबळ्यात गुंडाळलेली लाकडी पेटी. मी तेव्हा नवी सून होते, शाळेत गणित शिकवत होते, आणि घरातल्या आमटीच्या वाट्या भराभर कमी का होतात हे मला कळत नव्हतं. आठवड्याभराने पाच वाट्या मामांच्या टेबलावर सापडल्या. पेठेतले एक-दोन डॉक्टर त्यांच्याकडे रक्त तपासायला पाठवत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाच जातींच्या, म्हणून वाट्या पाच. मामा एक डोळा नळीला लावत, दुसरा मिटत, आणि जी पेशी दिसेल तिच्या वाटीत एक चिंचोका टाकत. शंभर चिंचोके झाले की मोजणी संपली. भर दुपारी, पेठ सगळी आडवी झालेली असताना, त्या खोलीतून टिक... टिक... असा आवाज येत राही. मध्येच थांबे. मग कितीतरी वेळ काहीच नाही. आणि मी सुस्कारा टाकून वह्या तपासायला घेतल्या की पुन्हा, टिक.

पांढऱ्या पेशींना मामा शिपाई म्हणत आणि माणसाची सगळी किंमत त्यांच्यावरून ठरवत. कुणी ओळखीचं भेटलं तर पोराबाळांची चौकशी नाही, शिपायांच्या संख्येची, "नफरी ठीक हाय न्हवं?" एवढंच. एकदा शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. सगळे पत्रिकेवर खल करत असताना मामा सुई आणि स्पिरिटचा बोळा घेऊन तिथे हजर झाले आणि नवऱ्या मुलाला म्हणाले, "बोट फुडं करा पाव्हणं. गिरह काय बगायचं, शिपाई बगू." मुलगा जागच्या जागी घेरी येऊन आडवा झाला. मामा त्याच्या तोंडावर पाणी मारत मुलीच्या बापाला म्हणाले, "सोयरीक झ्याक हाय. पोरगं भित्रं हाय, पर खोटं न्हाई." लग्न झालं आणि चांगलं चाललं, याचं श्रेय मामा शेवटपर्यंत घेत.

त्या लाकडी पेटीची मात्र थट्टा करण्याची माझी कधी छाती झाली नाही. तिच्यात काचेच्या पट्ट्या होत्या, स्लाइडी, प्रत्येकीवर वाळलेल्या रक्ताचा जांभळट फराटा आणि कडेला बारीक अक्षरात नाव. मामांनी ज्यांचं रक्त कधीकाळी तपासलं आणि जे त्यांना आवडले, अशा माणसांच्या. बरेचसे आता या जगात नव्हते. एका रविवारी सकाळी मामांनी मला नळीला डोळा लावायला सांगितलं. फिकट गुलाबी चकत्यांच्या गर्दीत एक गडद जांभळी गोल पेशी एकटीच उभी होती.

"ह्यो माझ्या सुभेदाराचा शिपाई," मामा माझ्या कानाशी पुटपुटले. "सुभेदार जाऊन अठ्ठावीस सालं झाली. ह्येला कुणी सांगितलंच न्हाई. अजून पहाऱ्याव हाय."

मी डोळा काढला. पण काढण्याआधी क्षणभर मला अगदी स्पष्ट वाटलं, की आपण त्याच्याकडे पाहत नाही, तोच आपल्याकडे पाहतो आहे. मामांनी स्लाइड काढली, कडा पुसल्या, आणि पेटीत ठेवताना हलकेच पाय जुळवले. सलाम करताना पाय जुळवतात, तसे.

कैद्याशी मामा बोलत. मराठीत नाही, हिंदीत, कारण तो 'भाईरचा' होता. जेवताना घास मध्येच थांबायचा, मामा मान तिरकी करून छातीकडे ऐकत राहायचे, आणि मग आवाज खाली आणून म्हणायचे, "सो जा भाई, सो जा. अभी टाइम नहीं हुआ." तेवढा वेळ आम्ही सगळे वाढपाचे चमचे धरून स्तब्ध. एकदा शेजारच्या काकूंनी हे खिडकीतून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आवं वैनी, रागावू नका, पर मामांच्या अंगात काय तरी हाय." मी म्हणाले, "आहे खरं." त्यांनी उतरवून टाकायला लिंबं दिली. मामांनी त्यांचं सरबत करून घेतलं.

मामांचा मोठा सण खंडेनवमीचा. घरोघरी लोक कोयत्या-विळ्यांची, हत्यारांची पूजा करतात. मामा पाटावर मायक्रोस्कोप आणि इंजेक्शनची सुई मांडून त्यांना हळद-कुंकू, झेंडू वाहत. मग एका डॉक्टरांनी बर्फाच्या थर्मासमधून दिलेलं औषध सुईत भरून ते स्वतःच्याच डाव्या हातावर, कातडीच्या अगदी वरच्या थरात टोचून घेत. ती त्यांची 'वार्षिक कवायत'. मेलेल्या क्षयजंतूंचा अर्क टोचायचा आणि दोन दिवस वाट बघायची. दसरा मध्ये जायचा आणि एकादशीला आम्ही सगळे त्यांच्याभोवती जमायचो. हातावर तांबडी, टणक गाठ उठलेली असायची. मामा तिच्या कडांना बॉलपेनने निळं कडं काढत आणि मला हुकूम सोडत, "मास्तरीणबाई, पट्टी!" माझी पारदर्शक फूटपट्टी घेऊन ते गाठ मोजत आणि त्या आकड्यापाशी पट्टीवरच एक निळा ठिपका देत. एकाहत्तरच्या लढाईच्या आदल्या वर्षी, मी नवी होते तेव्हा, अठरा मिलिमीटर. पुढच्या वर्षी पंधरा. मग बारा, अकरा, नऊ, आठ, सात.

आता ही गाठ उतरत चालली म्हटल्यावर तुम्हाला काय वाटलं असतं? आम्हाला तेच वाटलं. सूज कमी, म्हणजे रोग कमी. मी तर गणिताची शिक्षिका. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले, ते जोडले आणि ती उतरती रेघ मामांच्या खोलीत कॅलेंडरशेजारी टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती कौतुकाने दाखवत असे. मामा तिच्याकडे कधीकधी फार वेळ पाहत बसत.

सांगायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला होता. सहामाहीचे पेपर होते, माझ्यासमोर गठ्ठा होता. मामा छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवून म्हणाले, "ह्येच्या मागं ट्रेनिंग सेंटर असतंया, मास्तरीणबाई. तिथं शिपाई शिकून तयार हुत्यात. आमच्या साहेबानं दावलं मला. पोराचं ह्ये एवढं असतं, मुठीएवढं. म्हाताऱ्याचं उघडून बघावं तर नुसती चरबी. नवी भरती बंद. मग जुन्यावरच डूटी. उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन ती बी म्हातारी हुत्यात. डोळं उघडं, पर वळखत न्हाईत." मी "हो का" म्हणाले आणि एका मुलाला सातापैकी साडेतीन दिले. ते "हो का" मला अजून बोचतं.

सत्त्याहत्तरच्या एकादशीला मामांच्या हातावर काहीच नव्हतं. सुई टोचली होती तिथे तिळाएवढा डाग, बाकी हात कोरा. मामांनी तीनतीनदा बोट फिरवलं, खिडकीच्या उजेडात हात धरला, मग पट्टी ठेवून शून्याच्या रेघेवर ठिपका दिला.

"शून्य!" मी ओरडलेच. यजमान धावत जाऊन कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. उपास होता, पेढे चालत होते. शेजारच्या काकूसुद्धा आल्या आणि लिंबांचा गुण आला म्हणाल्या. पाच वर्षांची आमची नंदू सगळ्यांना पेढे वाटत फिरली. आजोबांच्या हातावर तिने सगळ्यात मोठा पेढा ठेवला. मामा सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होते. मग पेढा त्यांनी कागदात गुंडाळला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "मागनं खातो."

नंदू आणि आजोबा यांचा एक रोजचा खेळ होता. शाळेतून आली की ती त्यांच्या मांडीवर चढायची, स्टेथास्कोपच्या नळ्या कानात घालायची आणि कैद्याची झडती घ्यायची. "झोपलाय का?" मामा विचारत. ती डोळे मिटून ऐके आणि म्हणे, "झोपलाय." मग दोघांना एकेक लिमलेटची गोळी. एकादशीनंतर पंधरा-वीस दिवसांनी असेच ते दोघे बसले होते, मी दारात तांदूळ निवडत होते. नंदूने नळीची चकती बरगडीवर थोडी सरकवली. मग डोळे न उघडताच म्हणाली,

"आजोबा, आज तो झोपला नाहीये. आत नखांनी भिंत खरवडतोय."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. ऊन छान पडलं होतं, रस्त्यावरून केळीवाला ओरडत चालला होता. मामांनी तिच्या कानातल्या नळ्या अलगद काढल्या. तोंड दुसरीकडे वळवलं. खांद्यावरच्या टॉवेलने नाक-तोंड दाबून धरत म्हणाले, "उतर, पोरी. आईकडं जा. हात धू." इतक्या वर्षांत त्यांनी तिला मांडीवरून कधी उतरवलं नव्हतं. नंदू रडायला लागली. त्यांनी दार लावून घेतलं.

त्या दुपारी चिंचोक्यांचा आवाज आला नाही. संध्याकाळी मामा ट्रंक आणि मायक्रोस्कोप घेऊन एसटी स्टँडकडे चालू लागले. पेटी राहिली. यजमान मागे धावले तर लांबूनच हात आडवा करून म्हणाले, "गावाकडं जातो. माझ्या भांड्याकुंड्यास्नी उकळतं पानी घाला. आन माझ्या मागं येऊ नगंस." यजमान चिडले. इतकं करून म्हाताऱ्याला आम्ही नकोसे झालो, असं त्यांचं म्हणणं. मी चुलीवर पाणी ठेवलं. मला ती नखं ऐकू येत होती.

चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं: 'कैदी फरार. काचेवर स्वतः बघितला.' पोस्टमनने ते वाटेतच वाचलं असावं. कार्ड देताना आदबीने विचारलं, "तुमच्यात कोन जेलर हायत व्हय?" त्यामागून आलेल्या बंद पत्रात मात्र सगळं होतं. ते मी जवळजवळ पाठ म्हणू शकते. 'मास्तरीणबाई, गाठ उठायची म्हणजे माझे शिपाई दुश्मनाला ओळखून धावून यायचे, त्यांची ती गर्दी. तुम्ही तिला रोग समजलात. यंदा कुणी आलं नाही. ओळख विसरले सगळे. पेढे वाटताना तुमची तोंडं बघितली आणि माझ्याने सांगवलं नाही. कैदी आत होता तवर पोरीला धोका नव्हता. सुटला कोणत्या दिवशी ते मला ठाऊक नाही, आणि ती रोज मांडीवर होती. तुम्ही दोघं छातीचा फोटो काढून घ्या. नंदूला तीन महिन्यांनी सुई टोचा, आधी टोचून उपयोग नाही. तिच्या शिपायांना क्षय ओळखायला तेवढा वेळ लागतो. गाठ उठली तर समजायचं, की तो तिला भेटून गेला.'

मी आलेख भिंतीवरून काढला आणि चुलीत घातला.

आमचे फोटो साफ आले. उरले ते तीन महिने. नंदू शिंकली की मी हातातलं काम टाकून तिच्याकडे पाही. वर्गात फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता मला तिचा खोकला ऐकू येई. आणि एका दुपारी मामांच्या खोलीतून आवाज आला, टिक... टिक... खोलीला मी स्वतः कडी लावली होती. आता ती काढलेली होती. दार ढकललं तर नंदू स्टुलावर चढून पाच वाट्या समोर घेऊन बसली होती. "आजोबांचे शिपाई मोजतेय," म्हणाली. "चार वाट्यांत कुणी येतच नाही गं." मी तिला तशीच उचलून बाहेर आणलं आणि मागच्या अंगणात घेऊन बसले, ऊन उतरेपर्यंत.

संक्रांतीनंतर महिन्याने साताऱ्यातच डॉक्टरांनी नंदूला सुई टोचली. वाचन मात्र मामांनाच दाखवायचं, असं मी ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी एसटीने विट्याला आणि तिथून पुढे मामांच्या गावी आम्ही तिघं गेलो. फूटपट्टी पिशवीत घेतली होती, पण वाटभर मी तिच्या बाहीचं बटण उघडलं नाही.

मामांची गल्ली त्यांनी नीट पारखून निवडलेली दिसली. दोन्ही बाजूंना चांगली दगडी घरं, आणि प्रत्येक दाराला कुलूप. माणसं सगळी सोनं गाळायच्या धंद्यात, कुणी कलकत्त्याला, कुणी मद्रासला, जत्रेपुरती येणारी. भर अकराच्या उन्हात त्या गल्लीत आमच्या पायांखेरीज आवाज नव्हता. शेवटच्या घराच्या ओट्यावर मामा उभे होते. निम्मे उरले होते. विट्याहून आणलेलं औषध ते रोज स्वतःच स्वतःला टोचून घेत होते.

"तितंच थांबा!" ते ओरडले. आम्ही समोरच्या बंद घराच्या पायरीवर थांबलो. मध्ये रस्ता. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता. त्यांनी आधी चिमूटभर माती सोडून ते पाहून घेतलं.

"बाही वर करा. दिसतंय काय?"

"थोडं लाल आहे मामा."

"लालीला इचारत न्हाई मी. डोळ्यानं न्हाई, बोटानं बगा. डोळं मिटा. टणक लागतंय का?"

मी डोळे मिटले. नंदूच्या कोपराखालच्या मऊ कातडीवरून बोट नेलं, एकदा, दोनदा. इतकी वर्षं मी मुलांचे हात धरून आकडे गिरवून घेतले आहेत, पण कुणाच्या हातावर आकडा असा बोटाने शोधला नव्हता. बोट कुठेच अडलं नाही.

"काही नाही लागत."

"पुन्यांदा."

"काही नाही मामा. शून्य आहे."

मामा मटकन ओट्यावर बसले. बराच वेळ त्यांनी टॉवेलात तोंड खुपसलं होतं. मग म्हणाले, "तुमच्या गणितात शून्य एकच असंल, मास्तरीणबाई. हितं दोन हायती. माझं शिपाई दुश्मनाला बगून इसरल्यात. तिच्या शिपायांनी त्येला अजून बगितलाच न्हाई. बगू बी नये कवा." मग त्यांनी विचारलं, "पेढं आणलं का?"

मी मान हलवली. त्या एकादशीनंतर पेढ्याच्या दुकानावरून जायचं झालं तरी मी रस्ता बदलत होते.

मामांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चुरगळलेली कागदाची पुडी काढली. नंदूने दिलेला पेढा. इतक्या महिन्यांत त्याचा पार दगड झाला होता. "मागनं खातो म्हनलो हुतो," ते म्हणाले, आणि रस्त्यापलीकडे बसून, दाढेखाली धरून, त्यांनी तो कडकड फोडून खाल्ला. त्या मोकळ्या गल्लीत तेवढाच आवाज होता. मी रडत होते आणि हसतही होते.

"आजोबा," नंदूने हाक मारली, "तो झोपला का?"

मामांनी दोन बोटांनी बरगडीवर टकटक केलं आणि मान तिरकी करून ऐकलं. "निजाया लागलाय," ते म्हणाले.

औषधाने कैदी खरंच गेला. थुंकी साफ आल्याचं कार्ड पुढच्या दिवाळीत आलं आणि आम्ही त्यांना न्यायची तयारी करत होतो. पण थंडीत त्यांना साधं पडसं झालं, कुणालाही होतं तसं, आणि त्या पडशाला अडवायला आत कुणी उरलं नव्हतं. चार दिवसांत गेले.

पेटी माझ्याकडे आहे. तिच्यातली शेवटची स्लाइड त्यांच्याच नावाची आहे; ती पाहायला मायक्रोस्कोप लागतो; मामांचा गावाकडेच राहिला, आणि दुसरा मी कधी कुणाकडे मागितला नाही. खंडेनवमीला मी ती काच आणि ती फूटपट्टी पाटावर ठेवून झेंडू वाहते. पट्टीवर अठरापासून खाली येत गेलेले निळे ठिपके आहेत. गल्लीत त्या दिवशी नंदूच्या नावाचा ठिपका मी दिला, तो मामांच्या शेवटच्या ठिपक्यावरच पडला. आता नुसतं बघून त्यांचा कोणता आणि तिचा कोणता, हे मला सांगता येत नाही.